छंदाने जोडलेले गाव

सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण, ही गुजराती म्हण तापीकाठी राहणाऱ्या मराठी माणसालाही पाठ असते. पण म्हणीतली सुरत वेगळी आणि आजची वेगळी. आज या शहरात राहणाऱ्या असंख्य घरांचे आजोबा म्हणीतल्या त्या पंगतीत नव्हतेच. कोणी सौराष्ट्रातून हिऱ्याच्या घंटीवर बसायला आले, कोणी ओडिशातल्या गंजामहून मागावर उभे राहायला आले, आणि कोणी तापीच्याच वरच्या अंगाने, धुळे, नंदुरबार, जळगावकडून, मिळेल त्या कामाला आले. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत मराठी, त्यातही अहिराणी, रस्त्यात सहज कानी पडते. अशा शहरात फुटबॉलचा नाद, खाण्यासाठी केलेली भटकंती आणि फोटोग्राफी या तीन छंदांवरच्या लेखनाला प्रस्तावना लिहायची, तर पहिला प्रश्न हाच येतो की या तिघांना एका दावणीला बांधायचे कशाला? माझ्या मते तिन्ही छंद मुळात एकच काम करतात. जिथे आपला वारसाहक्क नाही, तिथे ते आपले नाते जोडून देतात. वाडवडिलांकडून आलेल्या आपलेपणासाठी काही करावे लागत नाही. जोडून घेतलेल्या आपलेपणाला मात्र वेळ द्यावा लागतो, फेऱ्या माराव्या लागतात, भलत्या वेळी भलत्या ठिकाणी जाऊन हात हलवत परत यावे लागते. छंद म्हणजे हीच मेहनत, बिनपगारी. हे म्हणणे पुराव्याने मांडावे आणि त्यावरच्या आक्षेपांना तोंड द्यावे, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

मराठी माणसाचे सुरतेशी नाते जुने असले तरी ते फारसे रसिकतेचे नाही. शाळेच्या पुस्तकातली सुरत जानेवारी १६६४ मध्ये सुरू होते आणि ऑक्टोबर १६७० मध्ये संपते. पहिल्या छाप्यात इंग्रजांची वखार लढवणारा जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ मध्ये सुरतेतच वारला. कतारगाम रस्त्यावरच्या इंग्रजांच्या कबरस्तानात त्याची घुमटाची भलीमोठी कबर आजही उभी आहे. शिवकाल तोंडपाठ असलेल्या किती मराठी घरांनी ती पाहिली असेल, कोण जाणे. पुढे १९०७ च्या डिसेंबरात इथे काँग्रेस भरली आणि फुटली. त्यातूनही लोकांच्या लक्षात राहिला तो व्यासपीठावर भिरकावलेला जोडा, आणि तोही मराठी बनावटीचा. त्यानंतरचा संबंध पोटाचा. तापी खोऱ्यातून सुरतेला जाणारी रेल्वे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर धावू लागली आणि खानदेशाला मुंबईपेक्षा सुरत जवळची झाली. याच मार्गावरच्या नवापूर स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. एकाच फलाटावरच्या दोन प्रवाशांना दोन सरकारे असू शकतात. छाप्याची सुरत असो की नोकरीची, दोन्ही वेळा आपण तिथे काहीतरी आणायला गेलो. नुसते बघायला, चाखायला, रमायला जाण्याचे तिसरे नाते आपल्याकडे कमी पडले. ते अशक्य नाही, हे काकासाहेब कालेलकरांनी दाखवून दिले आहे. जन्म साताऱ्याचा, मातृभाषा मराठी, पण नद्या आणि डोंगर पायी पाहत, लिहीत ते गुजरातीचे मान्यवर गद्यकार झाले आणि गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटले. भटकंती आणि निरीक्षण या दोन सवयींवर माणूस परक्या प्रांताचा होऊ शकतो, याला यापेक्षा चांगला दाखला मला सापडत नाही.

आता खाणे. सुरतेत दुसरीकडून सुरुवात करणे उद्धटपणाचे होईल. डिसेंबर उजाडला की शहरात पोंक येतो. मराठी वाचकाला तो समजावून सांगायला नको: ज्वारीचा हुरडाच तो. पण सोलापूर-नगरकडचा हुरडा शेतात, आगटीभोवती बसून, हातावर चोळून खायचा. सुरतेने तो उचलून शहरात आणला आणि त्याची दुकाने थाटली. कोवळी कणसे निखाऱ्यात भाजतात, झोडपतात, फोलपटे पाखडतात आणि हिरवागार, ओलसर, अजून वाफ सोडणारा दाणा थेट तराजूत पडतो. सोबत लिंबू-मिरीची शेव, लसणाची शेव, साखरेच्या गोळ्या आणि ताक. दाणा गार झाला की तो वातड व्हायला लागतो आणि उरलेल्याचे वडे होतात. पोंकाचे पार्सल मुंबईपर्यंत जाते हे खरे, पण पार्सलात जाते ती ज्वारी. पोंक सुरतेतच राहतो. लोचोचेही तेच. भिजवून वाटलेली हरभऱ्याची डाळ वाफवायची, पण खमणासारखी वडी पडणार नाही इतकी सैल ठेवायची. मग ती उलथन्याने खरवडून ताटलीत, वर तेल किंवा लोणी, मसाला, बारीक शेव, कांदा, हिरवी चटणी. हे सकाळचे खाणे. दुपारी बाराला लोचो शोधत फिरणारा माणूस बाहेरगावचा आहे हे दुकानदाराला विचारावे लागत नाही. खाण्यासाठी प्रवास करणारा माणूस पहिल्यांदा शिकतो ती अशी काळवेळ. कुठे काय मिळते ही माहिती फोनवर मिळते. कधी मिळते, किती वेळ टिकते आणि कशाबरोबर खातात, हे तिथे उभे राहूनच कळते.

या वेळापत्रकाचा कळस म्हणजे चांदणी पडवा. आपण कोजागरीला दूध आटवतो आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागतो. सुरतकर त्या दुसऱ्या दिवसाची वाट बघत असतो. संध्याकाळ झाली की घरेच्या घरे गच्चीवर, रस्त्याच्या कडेला, डुमसच्या वाटेवर सतरंज्या टाकून बसतात आणि घारी खातात. आपल्याकडच्या लाल भोपळ्याच्या घाऱ्या डोक्यातून काढून टाकाव्यात. ही घारी म्हणजे मावा, पिस्ता, बदाम, वेलदोडा यांचे सारण मैद्याच्या पारीत भरून तुपात तळलेले आणि वर थिजलेल्या तुपाचा पांढराशुभ्र थर. तो थर बघूनच डॉक्टरांची आठवण व्हावी. म्हणून तर सोबत तिखट भुसुं. अठराशे सत्तावनच्या धामधुमीत तात्या टोप्यांच्या सैनिकांसाठी घारी बनवली गेली अशी दंतकथा सुरतेत सांगतात. इतिहास म्हणून ती तपासायला गेलो तर फार काही हाती लागेल असे वाटत नाही. पण आपल्या सर्वांत लाडक्या मिठाईच्या मुळाशी सुरतेने एक मराठी सेनापती आणून बसवला, हे मला त्या दंतकथेच्या खरेखोटेपणापेक्षा अधिक बोलके वाटते.

कारण ‘अस्सल सुरती’ म्हणून जे जे आपल्यापुढे येते, त्यातले बरेचसे कधीतरी बाहेरून आलेले आहे. नानखटाईची कथा डच वखारीच्या भट्ट्यांपाशी आणि त्या पुढे चालवणाऱ्या पारशी भटारखान्यांपाशी जाते. तापीपलीकडच्या रांदेरचे व्यापारी पिढ्यान्पिढ्या रंगूनला पेढ्या चालवत. तिथून परतताना त्यांनी नारळाच्या दुधातल्या शेवयांचा ब्रह्मी पदार्थ आणला, आणि आज तो ‘खावसा’ या नावाने रांदेरचा म्हणूनच खाल्ला जातो. शेजारच्या गाडीवर आलू-पुरी, रमझानात रात्रभर बाजार. उलट, ज्या पापडीवाचून सुरती उंधियू होतच नाही असे म्हणतात, ती कतारगामची पापडी ज्या मातीत पिकायची तिथे आता हिऱ्यांचे कारखाने आणि इमारती आहेत. म्हणजे आलेले रुजले आणि मूळचे गेले. उधना-लिंबायतकडच्या खानावळीतली झणझणीत शेवभाजी अजून ‘खानदेशी’ म्हणून विकली जाते. रंगूनच्या शेवया जर शंभर वर्षांत सुरती होऊ शकतात, तर शेवभाजीला कोणी अडवले आहे? खाद्यप्रवास करणाऱ्याने हे शोधून काढावे असे मला वाटते: पदार्थ कुठून आला, कोणत्या कामगाराबरोबर आला, कोणत्या वळणावर त्याने आपले रूप बदलले. दुर्गाबाई भागवतांचे ‘खमंग’ वाचणाऱ्यांना ही दृष्टी नवी नाही. पाककृतीच्या आत लोकजीवन असते हे त्यांनी मराठीला केव्हाच दाखवले.

यावर पहिला आक्षेप येतो तो तोलामोलाचा आहे. चव घेतली म्हणजे माणूस जोडला जातो, हा भाबडेपणा नव्हे काय? रांदेरला जाऊन खावसा खायचा, पुलावरून परत यायचे आणि रांदेरच्या माणसाला घर भाड्याने द्यायची वेळ आली की तोंड फिरवायचे, असे शेकडो रसिक दाखवता येतील. डिसेंबर १९९२ मध्ये याच सुरतेत भीषण दंगल झाली. एकमेकांच्या हातचे खाणाऱ्यांच्या शहरात ती झाली. हा आक्षेप मी नाकारत नाही. चव भिंत पाडत नाही. ती फार तर भिंतीला दार आहे एवढे दाखवते. आत जाणे न जाणे ज्याचे त्याचे. पण एकदा खाऊन येणारा आणि वर्षानुवर्षे जाणारा यांत फरक करायला हवा. एकदा जाणाऱ्याला पदार्थ आठवतो. सतत जाणाऱ्याला बनवणाऱ्याचा मुलगा आता दुकानात बसतो की कॅनडाला गेला, हेही ठाऊक असते. छंदाची बाजू मी मांडतो आहे ती या दुसऱ्या माणसाच्या भरवशावर. पहिल्याला पर्यटक म्हणावे. त्यातही वाईट काही नाही, पण तो या पुस्तकाचा विषय नाही.

फुटबॉलकडे वळलो की सुरतेची बाजू लंगडी पडते, हे आधीच कबूल केलेले बरे. हे शहर क्रिकेटचे. लालभाई काँट्रॅक्टर स्टेडियमवर रणजीचे सामने होतात, आणि गल्लीत टेनिसच्या चेंडूचे. २०२४ मध्ये गुजरात सुपर लीग सुरू झाली तेव्हा सुरतेच्या नावाचा संघ तिच्यात होता, पण सामने झाले अहमदाबादला. तेव्हा सुरतेतला फुटबॉलवेडा हा प्रामुख्याने टीव्हीवरचा, आणि त्याचा संघ मँचेस्टरचा, माद्रिदचा नाहीतर बार्सिलोनाचा. त्याला हसणे सोपे आहे. ज्या गावात पाऊल टाकले नाही, ज्याची भाषा येत नाही, त्या गावाच्या संघासाठी उधन्यातला तरुण रात्री दीडला जागा राहतो. चॅम्पियन्स लीगचा सामना युरोपात रात्री नऊला सुरू होतो, तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात दीड आणि उन्हाळ्यात साडेबारा वाजलेले असतात. तिकडे मार्चअखेर घड्याळे पुढे सरकली की इकडे एक तास झोप वाढते, हे इथल्या चाहत्याला कॅलेंडर न बघता कळते. सकाळी सातला कारखान्याची पाळी असते. हा वेडेपणा कशासाठी?

उत्तर शोधायला युरोपात जाण्याआधी कोलकात्यात जाऊ. मोहन बागान १८८९ चा क्लब. २९ जुलै १९११ रोजी त्याने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकली आणि तो बंगालचा मानबिंदू झाला. ईस्ट बंगाल १९२० मध्ये उभा राहिला तो पूर्वेकडून आलेल्यांच्या अस्मितेपोटी. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे आले, तेव्हा घर, जमीन, नदी सगळे पलीकडे राहिलेल्या माणसांना या शहरात हक्काचे म्हणता येईल असे जे थोडे होते, त्यात हा संघ होता. आणि गंमत अशी की ही निष्ठा ताटातही उतरली. ईस्ट बंगाल जिंकला की त्यांच्या घरी हिल्सा, मोहन बागान जिंकला की त्यांच्याकडे कोळंबी. हरलेल्याच्या दारावरून दुसऱ्याची मासळी मिरवत न्यायची, हा तर चेष्टेचा ठरलेला भाग. ईस्ट बंगालच्या चाहत्याने कोलकाता मिळवले ते या मार्गाने, वर्षानुवर्षे गॅलरीत ओरडून. आज त्याच्या नातवाला कोणी उपरा म्हणत नाही. युरोपातले जे संघ आज मातीच्या अभिमानाने मिरवतात, त्यांचीही कुळकथा अशीच आहे. बार्सिलोना १८९९ मध्ये काढला तो हान्स गाम्पर नावाच्या स्विस माणसाने. त्याच वर्षी मिलानमध्ये क्लब काढणाऱ्यांत पुढे होता हर्बर्ट किल्पिन, नॉटिंगहॅमहून आलेला इंग्रज, आणि तोही कापडधंद्यातला. सुरतेला हा माणूस परका वाटू नये.

याच्या उलट टोकाला कोल्हापूर. तिथे संघ निवडावा लागत नाही. पेठ निवडून देते. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमी. मुळात कुस्तीच्या, पण मोसमात त्यांच्या नावाने राजर्षी शाहू स्टेडियम दुमदुमते. विश्वचषक आला की त्याच पेठांतून मेस्सीचे आणि नेमारचे अजस्र कटआउट उभे राहतात. मराठी मुलखात फुटबॉलचे इतके खोल वेड दुसरीकडे नाही, आणि मला त्याचे मनापासून कौतुक आहे. पण जन्माने मिळालेल्या निष्ठेचा एक तोटाही तिथेच दिसतो. समर्थकांच्या हाणामाऱ्या, दगडफेक, मग पोलीस आणि स्पर्धा थांबवण्याची पाळी, हे कोल्हापूरच्या फुटबॉलप्रेमींना सांगायला नको. जी निष्ठा आपण निवडलेली नसते, तिच्यासाठी माणूस डोके फोडायला लवकर तयार होतो, असा माझा अंदाज आहे. निवडलेल्या निष्ठेवाले सज्जन असतात असा दावा मात्र मी करणार नाही. समाजमाध्यमांवर त्यांची भाषा पाहिलेल्याला तो पटणारही नाही.

इथे दुसरा आक्षेप. हे क्लब आता कंपन्या आहेत, आणि सुरतेतला चाहता हा दूरचा गिऱ्हाईक. त्याचे प्रेम म्हणजे जर्सी आणि चॅनेलचे पैसे. यातले निम्मे खरे आहे. पण गिऱ्हाईक माल वाईट निघाला की दुकान बदलतो. संडरलंड २०१८ मध्ये तिसऱ्या पायरीवर घसरला, तरी पुढच्या मोसमात त्याच्या मैदानावर सरासरी तीस हजारांहून अधिक माणसे येत राहिली. लिव्हरपूलने १९९० नंतर लीग जिंकली ती थेट २०२० मध्ये. मधल्या तीस वर्षांत त्याच्या पाठीराख्यांत दोन पिढ्यांची भर पडली, त्यात भारतातलेही आले. हरणाऱ्या मालाला इतका चिवट गिऱ्हाईक कुठल्याही कापड मार्केटात मिळणार नाही. व्यापारी शहरात तर हे अधिक जाणवावे. जिथे प्रत्येक गोष्टीचा भाव विचारला जातो, तिथे तोट्यातला व्यवहार वर्षानुवर्षे आनंदाने चालवण्याची एक जागा असणे मला आरोग्याचे वाटते. एवढे मात्र खरे की टीव्हीवरचा चाहता जेव्हा रविवारी सकाळी जवळच्या शाळेच्या मैदानावरचा सामनाही बघायला जातो, तेव्हाच त्याला खेळ पुरता दिसतो. पडद्यावर चेंडू दिसतो. मैदानात चेंडू नसलेला बचावपटू कुठे सरकतो ते दिसते.

दिसणे हा फोटोग्राफीचा प्रांत. तिसऱ्या छंदाविषयी थोडे कमी लिहितो, कारण त्याच्या बाजूने बोलायची गरज सर्वांत कमी आहे. कॅमेरा आता प्रत्येकाच्या खिशात आहे. उलट, त्याच्याविरुद्धची तक्रारच मोठी आहे. ताट आले की आधी फोन जेवतो आणि मग माणूस. मैदानात गोल होतो तेव्हा निम्मे लोक तो पडद्यातून बघतात. ही तक्रार योग्य आहे, पण ती फोटो काढण्याविषयी नसून न बघता काढण्याविषयी आहे. सुरतेत बघण्याची कला शिकवणारा बाजार आहे. महिधरपुऱ्यात हिऱ्याचा व्यापारी कागदाची घडी उलगडतो, चिमट्याने खडा उचलतो, पांढऱ्या कागदावर ठेवतो आणि झळझळीत उन्हाकडे पाठ करून शांत, उत्तरेकडच्या उजेडात त्याचा रंग पारखतो. थेट ऊन आणि पिवळा दिवा दोन्ही खोटे बोलतात हे त्याला ठाऊक असते. खाण्याचा फोटो काढणाऱ्याची निम्मी विद्या हीच. लोचोच्या वाफेचा फोटो समोरून काढला तर वाफ दिसतच नाही. उजेड मागून किंवा बाजूने यायला हवा आणि मागे काहीतरी काळपट हवे. गाडीवरच्या निळ्या प्लास्टिकखाली हिरवी चटणी करडी पडते. स्वस्त एलईडीचा दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो, म्हणून वेगवान शटर लावले की फोटोवर काळे पट्टे उमटतात. शटर १/५० किंवा १/१०० वर आणले की पट्टे जातात. पण त्याच वेगात फुटबॉलपटूचा पाय धूसर होतो, तिथे १/१००० लागते. म्हणजे एकाच संध्याकाळी पोंकाची गाडी आणि मैदान टिपणाऱ्याला दोन वेगवेगळ्या घाई शिकाव्या लागतात. हे सगळे यंत्र आपोआप करते असे म्हणणाऱ्याने रात्री गाडीवर काढलेले आपले फोटो पुन्हा पाहावेत.

आणि शिष्टाचाराचे काय? सुरतेपासून जवळच, नवसारीत, १९१३ मध्ये होमाई व्यारावाला जन्मल्या; भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. स्वातंत्र्याच्या पहाटेची दिल्ली त्यांच्या फोटोंतून आपल्याला ठाऊक झाली. १९७० च्या सुमारास, ऐन भरात, त्यांनी कॅमेरा खाली ठेवला, आणि त्याचे एक कारण त्यांनी असे सांगितले की नव्या फोटोग्राफरांचे वागणे त्यांना पटेनासे झाले होते. ही आठवण छंदी फोटोग्राफराने जवळ बाळगावी. हिराबाजारात हातातला माल उघडा असतो, मागाच्या कारखान्यात माणूस बारा तासांच्या घामात असतो. तिथे कॅमेरा रोखणे हा हक्क नव्हे. विचारले आणि ‘नाही’ म्हणाले तर परत फिरावे, पुन्हा जावे, चहा प्यावा. वारंवार येणाऱ्या माणसासमोर लोक हळूहळू नेहमीसारखे वागू लागतात, आणि चांगला फोटो तिथून पुढे मिळतो. खाण्याच्या आणि खेळाच्या बाबतीत जे सांगितले, तेच इथेही लागू होते.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत अडचणीचा वाटतो. हे सारे कोणासाठी? बारा तासांच्या पाळीत मागावर उभा असलेल्या कामगाराला छंद कुठून परवडणार? आणि ज्या घरात बाप-लेक रात्री सामना बघतात, रविवारी कॅमेरा घेऊन रांदेरला जातात, त्या घरात आई काय करत असते? पहिल्या प्रश्नाचे पैशाच्या अंगाने उत्तर देता येते: लोचोची ताटली महाग नाही, फोन आहेच, सामना चार मित्र मिळून बघतात. पण खरी टंचाई वेळेची आहे, आणि तिच्यावर माझ्याकडे तोड नाही. हे लेखन वाचून पाळी आठ तासांची होणार नाही. एवढेच म्हणेन की ज्यांना एकच सुट्टी मिळते, त्यांची त्या सुट्टीवरची निष्ठा पाहिली की छंद हे सुखवस्तूंचे चोचले आहेत असे म्हणवत नाही. ओडिया आणि खानदेशी वस्त्यांतून रविवारी मासळीबाजारात, मैदानात आणि सेल्फीच्या जागी उसळणारी गर्दी सुखवस्तूंची नसते. दुसऱ्या प्रश्नाबाबत सबब नको. मराठी घरात बाईचे खाणे करण्याशी नाते आहे, खायला हिंडण्याशी अजून पुरेसे नाही. चांदणी पडव्याची पद्धत इथे उपयोगी पडते: घारी बहुधा विकत आणलेली असते, त्यामुळे सतरंजीवर बसलेल्यांत घरातली बाईही असते. व्यारावालांनी आपल्या काळात, साडी नेसून, जड कॅमेरा खांद्याला लावून दिल्लीच्या सभा टिपल्या. त्यानंतर इतक्या वर्षांनी ‘तिला रात्रीचे कसे न्यायचे’ हा प्रश्न घराने स्वतःलाच विचारावा.

पुढच्या पानांकडे वळणाऱ्या वाचकाला एकच व्यवहारी सूचना. सुरुवात डिसेंबरात करावी. ऊन तिरपे आणि मऊ असते, त्यामुळे फोटो फारशी खटपट न करता बरे येतात. पोंक आलेला असतो, आणि जानेवारीच्या मध्याला उत्तरायण आले की घरोघरी उंधियू. इंग्लंडची लीग नाताळाच्या आठवड्यात सामन्यांवर सामने लावते, आणि तिथले दुपारी तीनचे सामने आपल्याकडे रात्री साडेआठला पडतात. जेवून बसता येते, पहाटेचा गजर चुकत नाही. पोंक फेब्रुवारीत संपतो, लीग मेपर्यंत चालते. तोवर कोणत्या संघासाठी आपण जागतो आणि कोणत्या गाडीवर आपल्याला न विचारता जादा शेव मिळते, हे ठरलेले असेल.